वाकटीसाठी विणलेलं जाळं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेले दोन रविवार तुमच्या वाचकपत्रांत मांजरांवरून चांगलीच जुंपली आहे. आधी एका गृहस्थांनी लिहिलं, की शेजारच्या मांजराने त्यांच्या तुळशीच्या कुंडीचा संडास केलाय, तेव्हा मांजर पाळणाऱ्यांना दंड लावा. पुढच्या रविवारी एका ताईंनी त्यांना सुनावलं, की मांजर म्हणजे काय कुत्रं आहे बांधून ठेवायला? ते मोकळंच शोभतं, जाळीत कोंडणारी माणसं निर्दय. माझं घर या दोघांच्या बरोब्बर मध्ये येतं. माझ्याकडे वाकटी नावाचं मांजर आहे, तुळस आहे आणि मांजरासाठी बागेला घातलेलं जाळंही आहे. म्हणून लिहिते. पत्र लांबलं तर खुशाल कात्री लावा, फक्त धामणीची हकिगत कापू नका.

मी मुलुंड पश्चिमेला, डोंगराच्या अंगाला, एका जुन्या तीन मजली इमारतीत तळमजल्यावर राहते. पोस्टात ३३ वर्षं काउंटरवर काढली, २०२१ साली निवृत्त झाले. माहेर वेसाव्याचं, कोळीवाड्यातलं. आमच्या अंगणात मांजरं कुणी पाळत नसे, ती असायचीच. बोंबील वाळत घातले की वलांडीखाली सात-आठ शेपट्या उभ्या. आय हातात काठी घेऊन बसायची आणि त्याच हाताने त्यांना मांदेलीही टाकायची. रात्री कुठलं मांजर कुठे जातं हे कुणी कधी विचारलं नाही. एक गेलं तर दुसरं येई, आणि गेलेल्याचं फार काही कुणाला वाटायचं नाही, हेही खरं सांगायला हवं. ताईंच्या पत्रातलं मोकळं मांजर मला ओळखीचं आहे. पण ते त्या अंगणातलं आहे. आमच्या मुलुंडच्या गल्लीत संध्याकाळी सात ते दहा खाणं पोचवणाऱ्या मुलांच्या बाइक ज्या वेगाने जातात, ते पाहून मीच रस्ता ओलांडताना दोनदा थांबते.

माझा पहिला बोका मन्या. तो मोकळा होता. स्वयंपाकघराच्या खिडकीतून जायचा, यायचा. २०१६ च्या थंडीत तीन दिवस तो पलंगाखालून हलला नाही. हिरड्या पांढऱ्याफटक, नाकातून रक्ताचा थेंब. डॉक्टरांनी बघताक्षणी विचारलं, "सोसायटीत उंदराचं औषध घातलंय का?" घातलं होतं. या औषधाने रक्त गोठेनासं होतं, आणि परिणाम दिसायला दोन-तीन दिवस जातात. औषध खाऊन सुस्तावलेला उंदीर मांजराला आयताच सापडतो. लवकर कळलं तर 'के' जीवनसत्त्वाची इंजेक्शनं देतात, मन्याच्या बाबतीत उशीर झाला होता. औषध घालणाऱ्याला मी दोष देत नाही. घुशींनी मीटरच्या खोलीतल्या वायरी कुरतडल्या होत्या, म्हणून सोसायटीने ठराव केला, आणि त्या ठरावावर माझीही सही होती.

वाकटी आली २०१९ च्या ऑगस्टमध्ये. पाण्याच्या टाकीमागे ओरडत होती, वाळवलेल्या वाकटी मासळीसारखी लांब, चपटी आणि चंदेरी करडी. नाव तिथेच पडलं. आता ती साडेचार किलोची आहे, नाव बदलायला हवं खरं तर. सहा महिन्यांची झाल्यावर परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात तिचं ऑपरेशन करून घेतलं. दुपारच्या स्लो लोकलने, मांडीवर टोपली घेऊन. भांडुपपासून परळपर्यंत ती ज्या आवाजात रडली त्याने लेडीज डब्यातल्या निम्म्या बायका माझ्या मैत्रिणी झाल्या आणि निम्म्या वैरिणी.

मी नोकरीत होते तोवर माझी समजूत होती की ही दिवसभर झोपते. निवृत्त झाल्यावर कळलं. आमच्या मागे २२ फूट बाय ९ फुटांची मातीची पट्टी आहे. तिथे लिंबाचं झाड, जास्वंद, शेवगा, कडीपत्ता, तुळस. लिंबाची दोन पानं सुताने शिवल्यासारखी जोडून शिंपी पक्ष्याने घरटं केलं होतं. मी रोज खिडकीतून बघायचे. इतका लहान जीव, पण आवाज केवढा! एका सकाळी चहा गाळत असताना वाकटीने पिल्लू आणून माझ्या पायाशी ठेवलं. दुपारी दुसरं. तिला वाटलं असेल, म्हातारीला शिकार येत नाही, आपणच पोसलं पाहिजे. तिला मी रागावू तरी काय? दोन दिवस त्या शिंपिणीचं टिवटिव ओरडणं ऐकलं आणि तिसऱ्या दिवशी फॅब्रिकेटरला बोलावलं.

आता ताईंसाठी आणि त्या तुळशीवाल्या गृहस्थांसाठीही, मी काय काय चुकले ते सांगते.

पहिली चूक, कुणाला विचारलं नाही. तळमजल्यावाल्यांची एक गोड गैरसमजूत असते, की मागची बाग आपली. कागदोपत्री ती सोसायटीची मोकळी जागा आहे, आम्ही नुसते वापरणारे. मी चार पाइप उभे केले आणि पाचव्या दिवशी लेखी नोटीस दाराला. वाईट वाटलं, पण नोटीस बरोबर होती. त्याचं पुढे सांगते.

दुसरी चूक जाळीची. पहिल्यांदा मी कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती तारेची जाळी लावली, सहा फूट उंच, आणि वरचा दीड फूट भाग आतल्या बाजूला तिरका झुकवला. ही युक्ती खोटी नाही. मांजर जाळीवरून सरसर चढतं, पण डोक्यावर आडवी जाळी आली की उलटं लटकून बाहेर कसं वळायचं हे त्याला उमगत नाही, ते खाली उतरतं. त्यातून ती वरची जाळी जरा हलती असेल तर आणखी चांगलं, डुगडुगणाऱ्या जागी मांजर पाय टाकत नाही. पण यासाठी आत झाड नको, टाकी नको, एसीचा डबा नको. नुसत्या पायांच्या जोरावर मांजर पाच फूट सहज उडतं. वाकटीने पहिल्याच आठवड्यात शेवग्यावर चढून फांदीच्या टोकावरून पलीकडे उडी घेतली. शेवग्याची फांदी ती, कडकन मोडली, आणि फांदीसकट मांजर शेजारच्या भाभींच्या वाळत घातलेल्या पापडांवर.

त्याआधी ती एकदा मोरीतून गेली होती. पावसाचं पाणी जायला भिंतीच्या बुडाशी ठेवलेलं भोक, जेमतेम चार बोटं रुंद. मला वाटलं, यातून उंदीर जाईल, साडेचार किलोचं मांजर कसं जाईल? डॉक्टरांनी समजावलं. मांजराचं गळ्याजवळचं हाड आपल्यासारखं खांद्याला जोडलेलं नसतं, मांसात नुसतं अडकलेलं असतं. त्यामुळे डोकं गेलं की बाकीचं मांजर मागून येतंच. तेव्हापासून घरातली प्रत्येक फट मी तिच्या डोक्याच्या मापाने बघते.

मग दादूसला फोन केला. माझा मोठा भाऊ, वय ७१, आयुष्य दर्यावर गेलं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा होड्या किनाऱ्यावर आणि माणसं जाळी दुरुस्त करत बसलेली. २०२२ च्या जूनमध्ये तो दोन पिशव्या आणि सुई घेऊन आला. मला वाटलं होतं जुनं जाळं आणेल, फुकटात काम होईल. तो हसला. म्हणाला, "जुन्या जाळ्याला म्हावऱ्याचा वास. तुझी मांजर राखण करील का जाळंच खाईल?"

खरी गोष्ट त्याने पुढे सांगितली, आणि ती बाजारातून कबुतरजाळी लावून घेणाऱ्या प्रत्येकाने ऐकावी. तंगुसाचं, म्हणजे नायलॉनच्या एकेरी धाग्याचं, बारीक जाळं मासा धरण्यासाठीच केलेलं असतं. सूत इतकं पातळ की पाण्यात दिसत नाही, आणि जाळं मुद्दाम सैल सोडतात. मासा डोकं घालतो, कल्ले अडकतात, मागे सरायला जातो तसा अधिक गुंततो. "हेच जाळं बागेत लावलंस तर त्यात बुलबुल अडकेल, वटवाघूळ अडकेल, तुझ्या मांजराची नखं अडकतील. धरायचं जाळं वेगळं, राखायचं जाळं वेगळं." राखायचं जाळं जाड दोऱ्याचं हवं, काळं आणि ठळक दिसणारं, आणि ढोलकीच्या पानासारखं ताणलेलं. त्याने बंदराजवळच्या दुकानातून किलोच्या भावाने जाड पीळदार सुताचं नवं जाळं आणलं होतं, आस सव्वा इंचाची. आस म्हणजे जाळ्याचं घर. मोठ्या मांजराला दोन इंचांची आस चालते, पण पिल्लू असेल तर इंचभराच्या पुढे जाऊ नये, असं त्याचं म्हणणं.

आम्ही छप्परच घातलं. चारी बाजू, वर उतार देऊन छत, शेवगा बाहेर आणि लिंबू आत. लिंबू आत घ्यायला मी तयार नव्हते, शिंप्याचं काय, म्हणून. दादूस म्हणाला, शेवग्यावर बांधील, नाहीतर जास्वंदीवर. छताच्या कडेने वायर रोप ओढली, टोकांना टर्नबकल, म्हणजे जाळं सैल पडलं की दोन पिळांत पुन्हा ताठ. जाळं रोपेला हाताने शिवलं. प्लास्टिकच्या पट्ट्यांनी बांधू नका. त्या उन्हाने दोन वर्षांत भुरभुरीत होतात, आणि एक तुटल्याचं आपल्याआधी मांजराला कळतं. साठीच्या पुढचे आम्ही दोघं भाऊ-बहीण पाच दिवस चटईवर बसून जाळं शिवत होतो. लग्नानंतर त्याच्याशी इतकं बोलणं कधी झालं नव्हतं. जाळ्याचे पैसे त्याने घेतले नाहीत, दोन वर्षांच्या भाऊबीजेच्या ओवाळणीत ते वळते केले. पाइप, रोप आणि फॅब्रिकेटरची मजुरी मिळून मला १७,४०० रुपये पडले. आमच्याकडे बाल्कनीला लोखंडी ग्रिल करून घ्यायला यापेक्षा जास्त लागतात.

आता धामण. २०२३ च्या जुलैमध्ये, दोन दिवस धो धो पाऊस पडून उघडीप झाली होती. सकाळी वाकटी एका कोपऱ्याकडे टक लावून, शेपटी फुलवून बसलेली. बघते तो हातभर सोडून बाकीची सगळी धामण जाळ्यात. बुडाशी उरलेलं जाळं आम्ही कापलं नव्हतं, पुढे दुरुस्तीला लागेल म्हणून गुंडाळून जमिनीवर ठेवलं होतं. सैल. तिने एका आसात डोकं घातलं, मग पुढच्या. सापाचे खवले मागे वळलेले, त्याला पुढे जाता येतं, सुतातून मागे सरता येत नाही. म्हणजे मी जमिनीवर तंगुसासारखंच एक जाळं मांडून ठेवलं होतं. वनखात्याच्या १९२६ या नंबरवर फोन केला, तासाभरात एक सर्पमित्र मुलगा आला. त्याने तिचं डोकं हलक्या हाताने धरलं आणि माझ्या शिवणाच्या छोट्या कात्रीने एकेक आस कापली. ३७ आस, चाळीस मिनिटं. काही ठिकाणी सूत खवल्यांच्या आत रुतलं होतं. धामण बिनविषारी, पण त्या बिचारीने इतका वेळ एकदाही तोंड उघडलं नाही, हे मी विसरत नाही. ती घुशी खाते. मन्याच्या वेळी घुशींसाठी आम्ही जे औषध आणलं होतं, त्याचं काम ती फुकटात करत होती.

त्यानंतर बुडाचं दोन फूट जाळं काढून टाकलं आणि तिथे अर्ध्या इंची चौकोनी घरांची तारेची ताठ जाळी, वेल्डमेश, लावली, खालचा अर्धा फूट आत जमिनीवर वळवून त्यावर विटा. मोरीच्या भोकालाही तीच. धामणीएवढा साप त्यात डोकं घालू शकत नाही, मांजर उकरू शकत नाही, घूसही येत नाही. पाऊस मात्र खुशाल जातो. ज्यांच्या बागेत काकडीच्या वेलाला किंवा पपईला नायलॉनची जाळी जमिनीपर्यंत लोंबते आहे, त्यांनी आज उठून ती हातभर वर बांधावी. मांजर असो की नसो.

दाराचं सांगायचं राहिलं. मागच्या दारातून थेट जाळ्यात जायचं असेल तर एक दिवस दूधवाला, नातू किंवा आपणच ते उघडं टाकतो. मी दोन दारं केली, मध्ये माणूस उभं राहील एवढी जागा. पहिलं लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. पोस्टात तिजोरीच्या किल्ल्या दोघांकडे असायच्या, पोस्टमास्तर आणि खजिनदार, एकट्याला ती उघडता यायची नाही. नातवाला हे सांगितल्यापासून तो बागेत जाताना मला "खजिनदार" म्हणून हाक मारतो. जाळ्यात असताना तिच्या गळ्यात पट्टा मी ठेवत नाही, घुंगराचा तर नाहीच, आसात अडकून फास बसू शकतो. त्याऐवजी कातडीखाली तांदळाएवढी चिप बसवली आहे, पंधरा आकडी नंबराची. रजिस्टर्ड पत्राला नंबर असायचा तसा. (रजिस्टर्ड पोस्ट आता स्पीड पोस्टात विलीन केलंय म्हणे, ते असो.)

जाळं घातल्यावर आत काय आहे ते बघावंच लागतं, कारण मांजराला आता दुसरीकडे जाऊन चरता येत नाही. माझ्याकडे सायकसचं एक दिमाखदार झाड होतं, निरोपसमारंभात ऑफिसने दिलेलं. मांजराच्या यकृताला ते घातक, बी तर फारच. ते इमारतीच्या पुढच्या बाजूला हलवलं. भाभींकडच्या कण्हेरीची फांदी छतावर यायची, तिची पानंफुलं आत पडायची. कण्हेर हृदयावर परिणाम करते. भाभींनी न सांगता फांदी छाटली, पापडांचा राग गेला होता तोवर. मनी प्लांट चावला तर तोंडाची आग होते, लाळ गळते. सगळ्यांत वाईट म्हणजे पुष्पगुच्छातली मोठी लिली. तिचे परागकण अंगावर पडले आणि मांजराने अंग चाटलं, एवढ्यावरही मूत्रपिंडं निकामी होतात. वाढदिवसाला कुणी लिलीचा गुच्छ आणला तर मी तो दारातूनच वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे पाठवते. फिनाईलही बंद, मांजराच्या शरीराला ते पचवता येत नाही आणि पंजे चाटण्याची त्याला सवय. जास्वंद चालते, दूर्वा चालतात. आणि खोकली नावाचं तण आपोआप उगवतं, कुणी त्याला कुप्पी म्हणतं. ते मी मुद्दाम राहू देते. त्याची मुळं उकरून वाकटी त्यावर अशी लोळते की बघणाऱ्याला वाटावं हिने चढवली आहे. आमच्या काकूंना तसं वाटलंही.

तुळशीवाल्या गृहस्थांचं दुखणं खरं आहे. मऊ, कोरडी, उकरलेली माती दिसली की मांजर ती वापरणारच, त्याला तुळस आणि गुलाब सारखेच. मी कोपऱ्यात पत्र्याखाली वाळूचं घमेलं ठेवलं आहे आणि रोज सकाळी ते साफ करते. रोज म्हणजे रोजच. भाभींची सून तेव्हा गरोदर होती, तिच्या डॉक्टरांनी टॉक्सोप्लाझ्मा या गर्भाला बाधू शकणाऱ्या जंतूंची भीती घातली होती. मी माझ्या डॉक्टरांना विचारलं. ते जंतू मांजराच्या विष्ठेतून आले तरी लगेच बाधत नाहीत, साधारण एक ते पाच दिवसांनी बाधण्याजोगे होतात. म्हणून रोजच्या रोज साफ करायचं, गरोदर बाईने त्या घमेल्याला हात लावायचा नाही आणि भाजी नीट धुवायची. माझं मांजर माझ्या वाळूत बसतं, भाभींच्या तुळशीत नाही, हे बघितल्यावर विषय मिटला. मुलगी झाली. ती आता जाळ्याच्या बाहेर बसून वाकटीला "वातती" म्हणते.

नोटिशीचं काय झालं? दोन सभा झाल्या. एका सभासदाने विचारलं, "आज मांजराला जाळं, उद्या कुणी म्हैस बांधेल?" पण बाकीच्यांचे आक्षेप ऐकण्यासारखे होते. गटाराच्या चेंबरचं झाकण उघडता आलं पाहिजे, गॅसच्या पाइपापाशी जाता आलं पाहिजे, बांधकाम नको. मग मी पाइप जमिनीत न गाडता पंधरा किलोवाल्या तेलाच्या डब्यांत काँक्रीट ओतून त्यांत उभे केले आणि वरून आडवे पाइप बोल्टने जोडून पेटीसारखा सांगाडा केला. खणणं नाही, भिंतीला भोक नाही. चेंबरवर जाळ्याचा वेगळा पडदा, हुकांनी अडकवलेला. दुरुस्तीसाठी सांगितल्यावर एका दिवसात सगळं काढून देईन, असं लिहून दिलं. ठराव मंजूर झाला, त्याची प्रत माझ्या फाइलला आहे. तळमजल्यावर ज्यांना असं काही करायचं असेल त्यांनी पाइप आणण्याआधी अर्ज करावा. आणि कमिट्यांना विनंती, की वरच्या मजल्यांच्या कबुतरजाळीला जी मान हलवता तीच खालच्या मांजरजाळीला हलवा.

बिबट्यांबद्दल लिहिलं नाही तर मुलुंडकर विचारतील. आमच्या मागे डोंगर, डोंगराला लागून १०४ चौरस किलोमीटरचं राष्ट्रीय उद्यान. आमच्या पुढच्या गल्लीतल्या सोसायटीच्या कॅमेऱ्यात पहाटे साडेतीनला बिबट्या आरामात चालत गेलेला दिसला. माझं जाळं बिबट्यासाठी नाही, तो पंजाने ते कागदासारखं फाडेल. म्हणून दिवेलागणीला वाकटी घरात, दार बंद. उद्यानात निसर्गफेरीला गेले होते तेव्हा तिथल्या माणसाने वाघाटीबद्दल सांगितलं. वाघाटी म्हणजे जगातल्या सगळ्यांत लहान रानमांजरांपैकी एक, माझ्या वाकटीच्या निम्म्याने सुद्धा भरणार नाही, आणि ती या जंगलात आहे. आपली मोकळी मांजरं रानात शिरली की आपले रोग तिच्यापर्यंत पोचवतात. मांजराच्या लशी मी नियमित देते, रेबीजची धरून, पण लस टोचलेलं मांजर रानात पाठवावं असं त्यानंतर कधी वाटलं नाही.

ताई, तुमचा मुख्य मुद्दा, की ती दुःखी असेल. पहिले बारा दिवस होती. जाळ्याशी उभी राहून दिवसभर ओरडली, मलाही वाटलं सगळं उपटून टाकावं. मग मी तिचं जेवण बागेतच द्यायला लागले, लिंबाच्या खोडाला काथ्या गुंडाळला नखं घासायला, आणि दादूसने तीन उंचीवर तीन फळ्या ठोकल्या. मांजराला लांब जायचं नसतं हो, उंच जायचं असतं. सर्वांत वरच्या फळीवर बसून ती गल्लीचा सगळा कारभार बघते. मे महिन्यात अर्ध्या छतावर हिरवी शेडनेट टाकते, पाण्याची दोन भांडी ठेवते. बाहेरचा तो काळा बोका अजून येतो, जाळ्याच्या पलीकडून शिव्या देतो आणि जातो. चावाचावी नाही, त्यातून होणारे आजार नाहीत. एका बाबतीत मी तुमच्या बाजूने सही करीन. बाल्कनीत पोपटाच्या पिंजऱ्याएवढ्या जागेत मांजर ठेवणारी घरं मी पाहिली आहेत. १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या ११ व्या कलमात हलायला पुरेशी जागा नसलेल्या पिंजऱ्यात प्राणी ठेवणं हा गुन्हा आहे, आणि असायलाच हवा.

शिंपी परत आला, गेल्या वर्षी, जास्वंदीवर नाही आणि शेवग्यावरही नाही. भाभींच्या कुंडीतल्या रुंद पानाच्या झाडावर, जाळ्यापासून दोन हातांवर. वाकटी फळीवर बसून सबंध दिवस दात कडकडवायची. तीन पिल्लं उडाली, मी मोजली.

पाऊस तोंडावर आला आहे. छताच्या ईशान्य कोपऱ्यात वरून नारळाची झावळी पडून सहा-सात आस फाटले आहेत, तात्पुरती सुतळी बांधली आहे. १ जूनला बंदी लागली की दादूस येतो म्हणालाय. तोवर वाकटी घरात आहे आणि हे पत्र लिहिताना तिने दोनदा कागदावर बसून घेतलं, तेव्हा अक्षराबद्दल क्षमस्व.

आपली,
एक मांजरवाली, मुलुंड (पश्चिम)

(सोसायटीत आत्ताच कुठे सलोखा झाला आहे. कृपया नाव छापू नये.)